मुकादम नको, सोबतीण हवी

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेनं मला पुण्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता ‘समुपदेशकांची सांस्कृतिक सक्षमता आणि भावनिक बुद्धिमत्ता’. हॉल थंडगार, जेवण चांगलं, फाइल आणि पेन फुकट. पहिल्या दिवशी पडद्यावर एकामागून एक पाट्या आल्या. ‘आदिवासी स्त्री’, चार ओळी. ‘मुस्लिम स्त्री’, चार ओळी. ‘दलित स्त्री’, ‘भटक्या-विमुक्त समाजातील स्त्री’, पुन्हा चार-चार ओळी. त्यांच्यात लग्नं कशी होतात, त्या कोणाला मानतात, त्यांच्याशी बोलताना काय टाळावं. सगळ्याजणी भराभर लिहून घेत होत्या. मी वाट बघत होते की आता ‘शहरात वाढलेली, उच्चवर्णीय, एम.एस.डब्ल्यू. झालेली समुपदेशक’ अशीही एक पाटी येईल. ती कोणाला मानते, कशाला हसते, कशाची तिला किळस येते, कोणाच्या घरचं पाणी पिताना तिचा हात क्षणभर थांबतो, हे तिच्याबद्दलही चार ओळींत सांगतील. ती पाटी काही आली नाही.

मैत्रिणींनो, त्या न आलेल्या पाटीबद्दल मला लिहायचं आहे. कारण ती बाई मी आहे. आणि मी न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत एका पंधरा वर्षांच्या मुलीनं मोजली आहे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सल्ला केंद्र आहे. तिथे मी एकोणीस वर्षं काम करते आहे. ही गोष्ट सुरुवातीच्या वर्षातली असती, तर ‘तेव्हा अनुभव नव्हता’ म्हणून सुटका करून घेता आली असती. पण ती दहा वर्षं काम केल्यानंतरची आहे.

पाडवा होऊन गेला होता. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतत होती. आमच्या केंद्रात झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या मावशी त्यांच्या वस्तीतल्या एका बाईला घेऊन आल्या. बाई पस्तिशीची असेल, दिसायला पन्नाशीची. मी फॉर्म काढला. फॉर्मची पहिली ओळ ‘पूर्ण नाव’. म्हणजे तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. नवऱ्याच्या त्रासाबद्दल बोलायला आलेल्या बाईला आपण पहिल्यांदा त्याचंच नाव घ्यायला लावतो. आणि आडनाव विचारून जात कळून घेतो, तीही न विचारल्यासारखं दाखवून!

मी विचारलं, ‘कसं वाटतंय तुम्हाला?’

‘बरंय की.’

‘मनात काय भावना येतात?’

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ‘जीव घाबरा व्हतो. पोटात गोळा येतो. हातपाय गळत्यात. पांढरं जातं.’ थोडं थांबून, मावशींकडे बघत, ‘आन् पुनवंला अंगात येतं.’

मी लिहिलं : ‘भावना ओळखता येत नाहीत. शारीरिक तक्रारी. अंधश्रद्धा. आजाराची जाण कमी.’ मग तिला समजेल अशा सोप्या भाषेत सांगितलं, की देवी-बिवी काही नसतं, हा मनाचा आजार असू शकतो, औषधानं बरं वाटेल. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या नावानं चिठ्ठी दिली. जिल्ह्याचं गाव साठ किलोमीटरवर. जायचं तर एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. तिनं चिठ्ठीची घडी करून पिशवीत ठेवली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, दवाखान्यात जाऊन आलात का? तिसऱ्यांदा ती आली नाही.

पहिल्या दिवशी ती गेल्यावर मावशी कप उचलता उचलता मला म्हणाल्या होत्या, ‘ताई, अंगात आल्यावर ती काय बोलती, ते इचारलं का तुमी?’

मी म्हटलं, ‘मावशी, त्यात काय विचारायचं? ते काही खरं नसतं.’ मावशी कप विसळायला गेल्या.

ज्येष्ठात त्या बाईच्या मुलीचं लग्न लावून दिलं. मुलगी पंधरा वर्षांची, नववी झालेली. नवरा मुलगा तिच्या आत्याचाच. आमच्या कानावर आलं तेव्हा आखाड लागला होता. मग मावशींनी सगळं सांगितलं. अंगात आलं की ती बाई केस सोडून एकच गोष्ट ओरडायची : ‘पोरीला हात लावशीला तर घर जाळीन. पोर माझी हाय.’ नवरा, दीर, सासू, सगळे हात जोडून ‘आई, चुकलं’ म्हणायचे. पौर्णिमा सरली की चार दिवसांनी पुन्हा सोयरिकीचं बोलणं निघायचं. पुढच्या पौर्णिमेला ती पुन्हा थांबवायची. कारखान्यावर कोपीत राहतानासुद्धा तिनं हे चालू ठेवलं होतं. अख्खा हंगाम त्या बाईनं आपल्या मुलीचं लग्न देवीच्या तोंडून थोपवून धरलं होतं. स्वतःच्या तोंडून बोलली असती तर मार बसला असता.

आणि मग नवऱ्याला माझी चिठ्ठी सापडली. चिठ्ठीवर संस्थेचा शिक्का. त्यानं ती भावकीत दाखवली. देवी नाही, बाई येडी आहे, हे म्याडमनीच लिहून दिलंय! त्या पौर्णिमेला कोणी हात जोडले नाहीत.

मी विचारलं असतं तर काय झालं असतं? सगळं काही बदललं असतं असं नाही. पण बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ पासून आहे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच असतो, त्याला एक पत्र गेलं असतं. १०९८ वर एक फोन झाला असता. शाळेच्या बाईंना गाठता आलं असतं. हे सगळं मला येत होतं. मी त्याचीच प्रशिक्षणं घेत होते! येत नव्हतं ते एवढंच, की समोरची बाई ज्या भाषेत सांगते आहे त्या भाषेत ऐकायचं.

आता कोणी म्हणेल, ‘त्यांच्यात लग्नं लवकरच करतात, ती त्यांची संस्कृती आहे.’ पुण्याच्या पाटीवरही हेच लिहिलं होतं. मला या ‘त्यांच्या संस्कृती’ची फार चीड येते. ऊसतोडीत मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पुरुष असला तर अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की पूर्ण कोयता होतो, उचल वाढते. मुलीच्या बापाची अडचण निराळी. वयात आलेली मुलगी सहा महिने गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? आणि फडावर न्यायची तर पालाच्या कोपीला दार तरी असतं का? लग्न लावलं की त्याचा घोर संपतो. यात देवधर्म किती आणि उचलीचं गणित किती? ज्याला आपण घाईनं ‘संस्कृती’ म्हणतो त्यात मजुरी, दार नसलेलं घर आणि मुकादमाची वही असते. आणि त्याच समाजातली, त्याच संस्कृतीतली ती आई त्याला विरोध करत होती, हे पाटी लिहिणाऱ्यांना दिसत नाही. संस्कृती म्हणजे फक्त नवऱ्याचं आणि भावकीचं मत, असं कोणी ठरवलं?

‘पांढरं जातं’ या तिच्या तक्रारीकडेही मी लक्ष दिलं नव्हतं. ते काम नर्सबाईंचं, म्हणून सोडून दिलं. नंतर वाचनात आलं की गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तक्रारीचा अभ्यास केला होता. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. पांढरं जातं म्हणणाऱ्या अनेक बायकांच्या तक्रारीमागे जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण आणि घरातली कोंडी यांचा संबंध जास्त दिसला. म्हणजे ती मला भावनाच सांगत होती! माझ्या फॉर्मवर त्या भावनेला रकाना नव्हता. आणि ही भाषा कोणालाच न कळण्याची किंमत काय असते ते मराठवाड्याइतकं कोणाला माहीत? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोट दुखतं, पांढरं जातं म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि पिशवी काढून परत आली, अशा कितीतरी कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. कोणी तिचं ऐकलं नाही. डॉक्टरांनी पिशवी पाहिली, मी अंधश्रद्धा पाहिली.

ही सांस्कृतिक सक्षमतेची कल्पना अमेरिकेतून आली. डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली आणि मग १९९२ साली तिची मांडणी केली. ती मांडणी वाईट नाही. तिचे तीन भाग आहेत. पहिला, समुपदेशकानं स्वतःच्या धारणा, मूल्यं, पूर्वग्रह ओळखणं. दुसरा, समोरच्या माणसाचं जग समजून घेणं. तिसरा, त्याला साजेशा कामाच्या पद्धती शिकणं. आपल्याकडे येताना पहिला भाग विमानतळावरच हरवला! उरला दुसरा, तोही पाट्यांच्या रूपात. पुढे १९९८ साली तिथल्याच दोन डॉक्टर बायकांनी, मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी, ‘सक्षमता’ या शब्दालाच हरकत घेतली. दुसऱ्याची संस्कृती शिकून संपते, प्रमाणपत्र मिळतं, हा भ्रम आहे, तिथे नम्रता हवी आणि ती आयुष्यभर हवी, असं त्यांचं म्हणणं. तेही आपल्या प्रशिक्षणात आलं नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या ग्रंथात २०१३ पासून सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. हा त्रास तुम्ही घरच्यांना, मित्रमंडळींना कसा सांगता, असं त्यात विचारतात. मावशी कप उचलताना याहून वेगळं काय विचारत होत्या?

अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती. १९९५ साली दोन गोष्टी छापून आल्या. डॅनियल गोलमन यांचं ‘भावनिक बुद्धिमत्ते’वरचं पुस्तक, आणि ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त गोपाळ गुरू यांचा, दलित स्त्रिया वेगळं बोलतात हे सांगणारा लेख. १९९८ साली शर्मिला रेगे यांनी त्याच नियतकालिकात त्यावर आणखी पुढे जाऊन लिहिलं. वेगळेपण मान्य करून हात झटकता येणार नाहीत, बिगरदलित स्त्रीवाद्यांनी स्वतःला बदलायला हवं, हा त्यातला मुद्दा माझ्यासारखीसाठीच होता. चळवळीत आम्ही त्यावर चर्चा केल्या, भांडलो, रडलोसुद्धा. मग समुपदेशनाच्या खोलीत शिरताना ते सगळं चपलांसारखं बाहेर का काढून ठेवलं? आमच्या प्रशिक्षणाच्या फायलीत गोलमन आहे. गोपाळ गुरू आणि रेगे नाहीत.

याच्या उलट टोकाला जे उभे आहेत त्यांच्याशीही माझं भांडण आहे. ते म्हणतात, पाश्चात्त्य समुपदेशन आपल्या मातीतलं नाही, आपल्याकडे घरं जोडतात, मोडत नाहीत. अशी ‘सांस्कृतिक जाण’ मी पोलीस ठाण्यातल्या समजुतीच्या बैठकांत भरपूर पाहिली आहे. ‘बाई, जरा सांभाळून घ्या, आपल्यात असं नसतं.’ या ‘आपल्यात’ मध्ये मार खाणारी बाई कधीच धरलेली नसते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले त्यांत स्पष्ट आहे की समुपदेशनाच्या वेळी हिंसेचं समर्थन करायला मुभा नाही, आणि हे मारणाऱ्याला आधीच सांगायचं. म्हणजे रीत, परंपरा, मर्दानगी यांपैकी काहीही सबब म्हणून चालणार नाही. हा नियम किती केंद्रांत मोठ्यानं वाचून दाखवला जातो?

भारतीय मनाला साजेसं नातं म्हणून जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली गुरु-चेल्याच्या नात्याचा दाखला दिला. भारतीय माणूस उपचारकाकडे गुरूसारखा बघतो, हे निरीक्षण म्हणून खरंही असेल. पण ज्या देशात एकलव्याचा अंगठा मागितल्याची गोष्ट आपण पोरांना गुरुभक्तीची म्हणून सांगतो, तिथे मला या नात्याची भीती वाटते. गुरू होणारे कोण, आणि अंगठे देणारे कोण, हे ठरलेलंच आहे.

आता भावनिक बुद्धिमत्ता. दुसरा दिवस तिचा होता. श्वास मोजा, राग ओळखा, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपा. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते. पण मला सांगा, हे बायकांना शिकवायला लागतं? नवऱ्याच्या गाडीच्या आवाजावरून आज तो कशा मनःस्थितीत आला आहे हे कुठल्या बाईला कळत नाही? सासूच्या भांडं ठेवण्यावरून दिवस कसा जाणार हे कुठल्या सुनेला वाचता येत नाही? ही बुद्धिमत्ता आपल्याला भीतीनं शिकवली, आणि ती कायम दुसऱ्याच्या सोयीसाठी वापरायला लावली. आर्ली हॉकशील्ड यांनी विमानसेविकांचा अभ्यास करून १९८३ साली हेच दाखवलं. हसरा चेहरा ठेवणं हेही काम आहे, मालक ते विकत घेतो आणि त्याचा हिशेब मात्र कुठेच धरला जात नाही. ज्या महिन्यात आम्ही ते प्रशिक्षण घेतलं, त्या महिन्यात आम्हा समुपदेशकांचं मानधन पाच महिने थकलेलं होतं. त्याबद्दल बोलले तर वरून उत्तर आलं, ‘राग हाताळायला शिका.’ बघा, भावनिक बुद्धिमत्तेचा कसा उपयोग होतो!

मग ही बुद्धिमत्ता निरुपयोगी का? नाही. मला तिची गरज होती, पण वेगळ्या ठिकाणी. ‘अंगात येतं’ हे शब्द ऐकल्यावर माझ्या आत काय झालं, ते त्या वेळी कोणीतरी मला विचारायला हवं होतं. आज मी ते सांगू शकते. मला किळस आली होती. लहानपणी आमच्या वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या अंगात यायचं, आणि आम्ही मुलं तिची नक्कल करून हसायचो. घरातली मोठी माणसंही हसायची. ते हसू, ती किळस, वर पुरोगामी असल्याचा अभिमान, हे सगळं माझ्यासोबत त्या खुर्चीवर बसलं होतं. मला वाटत होतं की मी विज्ञाननिष्ठ आहे. मी माझ्या आजीच्या ओसरीवरून बोलत होते. स्वतःची किळस ओळखणं, ती मान्य करणं आणि तिला बाजूला बसवून समोरच्या बाईला पुढचा प्रश्न विचारणं, एवढी भावनिक बुद्धिमत्ता समुपदेशकाला हवी. आणि सांस्कृतिक जाणही तिथूनच सुरू होते. दोन दिवस ज्या दोन विषयांवर वेगवेगळ्या फायली दिल्या ते मुळात एकच आहे.

पण हे एकटीनं होत नाही. कोणाचंच होत नाही. त्यासाठी सुपरव्हिजन लागते. या शब्दाला मराठीत आपण ‘पर्यवेक्षण’ म्हणतो, आणि डोळ्यांपुढे येतात परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे सर. शब्दच असा, तर वागणं कसं असणार? आमची मासिक बैठक अशी : किती केसेस आल्या, किती मिटल्या, किती चालू, अहवाल कधी देणार. त्या मुलीच्या लग्नाचं मी बैठकीत सांगितलं तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. वरिष्ठ म्हणाल्या, ‘इतकं गुंतायचं नाही. केस बंद करा, पाठपुरावा होऊ शकला नाही असं लिहा.’ मी तसं लिहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही वर आकडे द्यायचे होते. पण ऊसतोड बाईचा हिशेब टनांत ठेवणारा मुकादम आणि आमचा हिशेब केसेसमध्ये ठेवणारी बैठक, यांत फरक काय?

आणि आमच्याकडची खरी सुपरवायझर त्या वेळी कप विसळत होती. त्या मावशी. ती भाषा त्यांना येत होती, वस्ती माहीत होती, नेमका प्रश्न त्यांनीच विचारला होता. पण त्या बैठकीत बसू शकत नव्हत्या. कारण हुद्दा सफाईचा. खरं सांगायचं तर कारण जात. आम्ही, स्त्रीमुक्तीवाल्यांनी, तिथे उतरंड जशीच्या तशी मांडून ठेवली होती.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला, तुम्ही अंगात येण्याचं समर्थन करता का? मुळीच नाही. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून मेली, हे मी विसरलेले नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा कायदा झाला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी प्राण दिले. मारणाऱ्या, बांधणाऱ्या, पैसे उकळणाऱ्या भगताशी भांडायलाच हवं. पण ती बाई भगत नव्हती. जिच्याजवळ दुसरं काही हत्यार नाही तिचं हत्यार काढून घेण्याआधी हातात दुसरं द्यावं, एवढंच माझं म्हणणं. आणि कायदाही हेच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलं आहे की आपल्या समाजातल्या रूढ नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींना न जुमानणं यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, आणि सेवा देताना लिंग, जात, वर्ग, धर्म, संस्कृती यांवरून भेदभाव चालणार नाही. माझ्या चिठ्ठीनं यातलं काय पाळलं?

दुसरा आक्षेप, पैसे कुठून आणायचे? तज्ज्ञ सुपरवायझर तालुक्याला कुठून येणार? गोव्यात ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्यावर काम करण्यासाठी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. ते गटात बसून एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. २०१४ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत होते. म्हणजे बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना तपासणं हे दुय्यम दर्जाचं काम नाही. आणि आपल्याला हे नवीनही नाही. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं पोलीस आयुक्तालयात महिला-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. त्याच काळात गावोगावच्या संघटनांच्या सल्ला केंद्रांत संध्याकाळी सतरंजीवर बसून आम्ही एकमेकींना विचारायचो, ‘आज कोणाचं ऐकून तुला झोप येणार नाही?’ ती सुपरव्हिजनच होती. प्रकल्प आले, फॉर्म आले आणि ती सतरंजी गुंडाळली गेली.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. प्रत्येक सल्ला केंद्रात सुपरव्हिजन हा समुपदेशकाचा हक्क असावा, कामाच्या वेळेत, पगारी. जी पगार ठरवते, नोकरीवरून काढू शकते, तिच्यासमोर चूक कबूल करता येत नाही. म्हणून सुपरवायझर वेगळी असावी. तिथे केसेसचे आकडे विचारू नयेत. बाई कोणत्या शब्दांत बोलली, आणि ते ऐकताना तुला काय झालं, हे दोन प्रश्न मात्र दर वेळी विचारावेत. वस्तीतल्या, दलित, मुस्लिम, भटक्या समाजातल्या कार्यकर्त्या त्या गोलात पाहुण्या म्हणून येऊ नयेत, सुपरवायझर म्हणून बसाव्यात आणि त्याचं मानधन त्यांना मिळावं. बाईचं नाव, गाव, वस्ती त्या गोलाच्या बाहेर जाऊ नये, आणि गोलात बोलण्याआधीही तिला विचारावं. आणि फॉर्मवर नवऱ्याच्या नावाआधी तिचं म्हणणं यावं, तिच्याच शब्दांत, भाषांतर न करता.

आमच्या केंद्रात गेल्या चार वर्षांपासून दर पंधरवड्याला असा गोल बसतो. मावशी त्यात बसतात. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या, मग आम्ही सगळ्याच खाली बसलो. त्यांचं सगळंच बरोबर असतं असंही नाही. एकदा नवऱ्याला सोडून आलेल्या मुलीबद्दल त्या म्हणाल्या, ‘जरा सोसायला पायजे हुतं.’ त्यावर आमची खूप बोलाचाली झाली. पण ती समोरासमोर झाली. मानधनाचं भांडण अजून चालू आहे. सफाई कामगाराच्या हुद्द्यावर ‘सुपरवायझर’ असा खर्च दाखवता येत नाही, असं वरून कळवलं आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर ट्रक भरले तेव्हा मी स्टँडवर गेले होते. माफी मागायची होती. ती ट्रकमध्ये भांड्यांच्या गाठोड्यावर बसली होती. तिची मुलगी पुढच्या ट्रकमध्ये होती, सासरच्या टोळीत. बाईनं मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, ‘म्याडम, तिची शाळा कारखान्यावरनं करता येती का वो?’ मी पुढच्या ट्रककडे पाहिलं. मुलीच्या हातात हिरवा चुडा होता. मला उत्तर माहीत नव्हतं. या वेळी मी निदान तेवढं खरं सांगितलं, आणि तिचा नंबर लिहून घेतला.

तुमच्या केंद्रात काय चालतं? तुमचं तुम्हाला कोण विचारतं? पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. आणि लिहिताना फक्त समोरच्या बाईबद्दल लिहू नका, स्वतःबद्दलही लिहा.